उतारावरची पिवळी पाटी

भडगावहून पाचोऱ्याकडे जाताना पुढे एखादी ट्रॉली आली आणि तिच्यामागे रेंगाळावं लागलं, तर चिडू नका. तिच्या पाठीवरची अक्षरं वाचा. दोन कोपऱ्यांत दोन कमळं, मधोमध आईवडिलांची कृपा आणि खाली लाल रंगात 'हॉर्न वाजवा'. त्यातल्या शेवटच्या 'वा'चा काना खाली येता येता जरासा वळला असेल, तर ते काम जीवराम पेंटरचं समजा. फ्लेक्सवाल्यांनी त्याच्याकडच्या दुकानांच्या पाट्या खाल्ल्या, निवडणुकीच्या भिंती खाल्ल्या. पण ट्रॉलीच्या पत्र्यावर फ्लेक्स टिकत नाही. उसाची एक मोळी घासली की चिंध्या. म्हणून चाळीस वर्षं झाली, जीवरामचा ब्रश अजून ओला आहे.

भडगावात बसस्टँडकडून गिरणा नदीकडे एक रस्ता उतरतो. त्याच्या पायथ्याशी जीवरामची पत्र्याची शेड आणि शेडसमोर पार्वताबाईंचं घर. पार्वताबाईंची नात संघमित्रा, वय नऊ. जन्मापासून कानांनी काही ऐकू येत नाही. बाहेरगावच्या मूकबधिर शाळेची गाडी रोज सकाळी उताराच्या वर उभी राहायची. पोरीचे आईबाप सहालाच मजुरीला जात, म्हाताऱ्या पार्वताबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून पोर एकटीच चढ चढून जायची आणि संध्याकाळी एकटीच उतरून यायची. येताना शेडपाशी सँडल काढून घटकाभर थांबायची. जीवरामला वाटायचं, पोर रंग बघते आहे.

एका संध्याकाळी पुना ट्रॅक्टरवाला उतारावरून उसाची भरली ट्रॉली घेऊन येत होता. पोर रस्त्याच्या कडेला सँडलचा पट्टा लावत वाकलेली. ट्रॉलीचं चाक तिच्या दप्तरापासून वीतभर अंतरावर थांबलं. पुना खाली उतरला तोवर पार्वताबाई काठी टेकत ओट्यावरून आल्या होत्या.

"आजी, मी वरथून हॉर्न वाजाडी ऱ्हायंतू! हात काढाच नही हॉर्नवरथून!"

"तुना हॉर्न तिना काय कामना रे, मुडद्या?" पार्वताबाई कडाडल्या. पोरीला पदराखाली घेतलं आणि सगळ्या गल्लीला ऐकवलं, "शाळा बंद! पोर जित्ती ऱ्हायनी तं शाळा!"

पोरीला ऐकू काही आलं नाही, पण समजलं सगळं. तीन दिवस ती ओट्यावर दप्तर पाठीला लावून बसली. जेवायलासुद्धा तशीच.

जीवरामला ते बघवेना. तो जाऊन म्हणाला, "अक्का, उतारवर पाटी लावूत. मी रंगाडस. गाडीवाला वाचतीन, हळू येतीन."

"म्हणजे मनी नात बहिरी शे हाई बठ्ठा गावले सांगानं?"

"गावले माहीत शे, अक्का. गाडीवालासले माहीत नही."

म्हातारीने दप्तर लावून बसलेल्या पोरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "लाव. पाटी व्हयनी तं सोमवारथिन धाडसू."

जीवरामने दोन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. जाड पत्रा घेतला, घासला, पिवळ्याचे दोन हात दिले. काळी अक्षरं, त्यांना करडी सावली. 'सावकाश चला. येथे ऐकू न येणारी मुलगी राहते.' शनिवारी चार माणसांनी उताराच्या कडेला खांब रोवला. सगळ्या गल्लीने मान वर करून पाटी मोठ्याने वाचली. मास्तरांनी वाचली, पोस्टमनने सायकल थांबवून वाचली. "झकास!" म्हणाले. पुनाने तर फोटो काढला.

रविवारी दुपारी संघमित्रा पाटीखाली आली. तिने वाचली. मग तोंडावर हात दाबला आणि खांद्यापासून हलायला लागली. जीवराम धावत गेला, त्याला वाटलं पोर रडते. पोर हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. तिने त्याचा सदरा धरून ओढला, पाटीच्या अगदी खालच्या कडेकडे बोट केलं, मग तेच बोट स्वतःच्या कानाला लावलं.

जीवरामने वाचलं. खाली लाल रंगात, कान्याला वळण देऊन, त्याच्याच हाताने लिहिलं होतं: हॉर्न वाजवा.

कधी लिहिलं, त्याला आठवेना. पत्र्याच्या खाली जागा उरली की हात ते लिहितोच. आणि वाचणाऱ्यांनीही ट्रॉलीमागचं वाचावं तसंच वाचून सोडलं. एका पोरीने तेवढं खरोखर वाचलं.

पार्वताबाईंपर्यंत गोष्ट जायला किती वेळ लागतो? त्या काठी टेकत आल्या. "चाळीस वरीसना पेंटर चुकस, तं गाडीवाला चुकावू नही का? ऱ्हाऊ दे, जीवराम भाऊ. पोर घरच ऱ्हाई."

जीवरामने खाली मान घालून शेडमधलं स्टूल आणलं, पाटीखाली ठेवलं आणि वर चढला. रॉकेलचा बोळा घेतला आणि ती लाल ओळ पुसली. पुसून खाली उतरल्यावर पोरीकडे बघून त्याने रिकामी जागा दाखवली, हात हलवला: मग काय लिहू?

पोरीने विचार केला. खाली बसली आणि त्याच्या पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. स्वतःचे सँडल काढले. त्याची दोन बोटं धरून त्याच्याच कानांत घातली. मग दोघं अनवाणी, रस्त्याच्या कडेला, एवढ्या उन्हात उभे.

जीवरामच्या तळव्यांना चटका सोडून काही लागेना. पोरीचे डोळे मिटलेले. एकाएकी तिने दोन्ही हातांनी हवेतच मोठं स्टिअरिंग फिरवलं. जीवरामने कानांतली बोटं काढली. चिमण्या, कुणाच्या तरी घरातला मिक्सर. दुसरं काही नाही. आणि मग वरच्या कडुनिंबाच्या वळणाआड कुठेतरी धडधड सुरू झाली, आणि ट्रॅक्टर दिसला.

त्याच्या अंगावर काटा आला.

पोरीने पुन्हा बोटं कानांत घालायला लावली. दुसऱ्या खेपेला तिने दोन हात लांब पसरले, एसटी आली. तिसऱ्या खेपेला पुन्हा स्टिअरिंग, पुन्हा ट्रॅक्टर. यात किती तळवे आणि किती रोजचा अंदाज, ते शिकलेल्यांनी ठरवावं. जीवरामने आपल्या पायांकडे पाहिलं. साठीला आलेले पाय. आजवर फक्त चालवले.

चौथ्या खेपेला मात्र पोर तशीच उभी होती, आणि वळणावरून भरली ट्रॉली गादीवरून घसरावी तशी मुकाट खाली येत होती. तिने डोळे उघडले, दचकली आणि जीवरामला मागे ओढलं. ट्रॉली पुढे जाऊन थांबली. वर पुना.

"पुना! मशीन कसं वाजत नही रे?"

"उतारवर बंद करी देस, नाना. न्यूट्रल टाकानं नि सोडी देवानं. डिझेल वाचस. बठ्ठाच करतस."

"त्या दिनले बी बंद व्हतं?"

 पुनाने पोरीच्या उघड्या पायांकडे पाहिलं, मग जीवरामच्या. हळूच म्हणाला, "बंद व्हतं, नाना. फक्त हॉर्न वाजे."

ओट्यावरून पार्वताबाई हे सगळं बघत होत्या. मग आत जाऊन त्यांनी पोरीचं दप्तर आणून ओट्यावर ठेवलं.

उन्हं कलायच्या आत जीवरामने रिकाम्या जागेत नवी ओळ लिहिली. या वेळी प्रत्येक अक्षर ओठांनी म्हणत, हाताला मोकळं न सोडता. 'उतारावर इंजिन बंद करू नका. आमची पोर पायांनी ऐकते.'

सोमवारी सकाळी गल्ली आपापल्या दारात उभी. संघमित्रा दप्तर घेऊन निघाली. सँडल तिने हातात घेतले होते. पार्वताबाई काठीवर दोन्ही हात दाबून उंबऱ्यात. पोर अर्ध्या चढावर पोहोचली आणि काही नसताना रस्ता सोडून अगदी कडेला गेली. तिथे उभी राहिली.  मग वळणाआडून पुनाचा ट्रॅक्टर आला, इंजिन सुरू, धडधडत, धूर सोडत, अगदी बैलगाडीच्या चालीने. पुनाने हॉर्नला हातसुद्धा लावला नाही. पोरीने त्याच्याकडे न बघताच हात वर केला आणि तो गेल्यावर पुढे चालू लागली.

ती वळणाआड दिसेनाशी झाली तेव्हा पार्वताबाई म्हणाल्या, "गई." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

जीवराम शेडसमोर अनवाणी उभा होता. पायांना अजून काही कळत नव्हतं. त्याची बायको आतून ओरडली, "चपला कथा शेतस तुमन्या? काच लागी पायले!"

"थांब जरा," तो म्हणाला, आणि त्याने कानांत बोटं घातली.