दगडूचा श्रावण

आमच्या घरात श्रावणात मांसाहार करणारा एकच जण होता. तो काल सकाळी गेला.

दगडू. बिअर्डेड ड्रॅगन जातीचा सरडा. वय वर्षं नऊ.

सरड्यासाठी कसली पोस्ट, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी पुढे वाचू नये.

मुलगी मृण्मयी नोकरीला बेंगळुरूला गेली तेव्हा "आई, फक्त दोन महिने" म्हणत त्याची काचेची पेटी आमच्या बदलापूरच्या, कात्रपच्या घरी हॉलमध्ये ठेवून गेली. सोबत डाएटचा तक्ता. तो मी फ्रिजवर चिकटवला.

शेवग्याचा पाला. लाल भोपळा किसून. भेंडी बारीक चिरून. कधी जास्वंदीचं फूल. पालक अजिबात नाही.

आणि रोज रातकिडे. जिवंत, कॅल्शियमची पावडर लावून.

तेव्हा तो वर्षाचाही नव्हता. मी वाढलेलं मुकाट खायचा. आमच्या घरात असा तो पहिलाच.

मग श्रावण लागला.

आमच्याकडे श्रावणात अंड्याचं टरफलसुद्धा आत येत नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, एकदाही मोडलं नव्हतं. मी रातकिडे बंद केले आणि मोड आलेले मूग सुरू केले. प्रोटीन ते प्रोटीन.

हे म्हणाले, "अगं, तो सरडा आहे."

"माझ्या घरात राहतो ना?"

मृण्मयीला कळवलं नाही. तिने विचारलं असतं तर सांगितलं असतं.

तिसऱ्या सोमवारी दगडूचे मागचे पाय थरथरायला लागले. पोट जमिनीला टेकलेलं. भोपळा पुढे केला तर मान उचलता येईना.

रिक्षा करून त्याला उल्हासनगरला प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे मृण्मयीच्या वयाची मुलगी.

"काय काय खायला घालता, काकू?"

मी सगळी यादी म्हणून दाखवली.

"आणि किडे?"

"श्रावण आहे."

तिने पेन खाली ठेवलं. "याचं गोत्र कोणतं?"

मला असं कोणी बोललेलं चालत नाही. त्या दिवशी ऐकून घेतलं.

"पावडर किड्यांनाच लावत होतात ना? किडे बंद, म्हणजे कॅल्शियमही बंद. वाढतं अंग आहे त्याचं. अजून आठवडाभर असंच चाललं असतं तर हा उरला नसता."

इंजेक्शन झालं. तिथून थेट फिशटँकच्या दुकानात. दुकानदार वयस्क सिंधी, कपाळाला गंध.

"आंटी, सावन के सोमवार को?"

"डबा द्या. मोठा."

पिशवीत महादेवासाठी घेतलेला बेल होता. त्याच्यावर रातकिड्यांचा डबा. बदलापूर येईपर्यंत किरकिर चालू होती.

घरी येऊन देवापुढे हात जोडले. म्हटलं, पाप माझं, त्याचं नाही. मग चिमट्याने पहिला रातकिडा भरवला. दुसरा, तिसरा. चौथ्याला त्याने स्वतःहून जीभ काढली.

हे दारात उभे. "मग मला एक ऑम्लेट?"

"तुमचे पाय थरथरतायत का?"

पुढच्या श्रावणात हे दोन दिवस लंगडत होते.

त्या सोमवारी संध्याकाळीच मृण्मयीला फोन करून झालेलं सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "मी त्याला न्यायला येते."

"ये. तोवर बरा करून ठेवते."

ती आली तेव्हा तो शेवग्याचा पाला ओरपत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बॅगेतून नवा चिमटा काढून माझ्या हातात दिला. पेटी इथेच राहिली.

नंतरचे आठही श्रावण मी त्याला उजळ माथ्याने रातकिडे वाढले.

शेवटचे तीन दिवस मात्र त्याने तोंड उघडलं नाही. डॉक्टर म्हणाली, वय झालं, आग्रह करू नका. मी केला. उपयोग झाला नाही.

माझ्या घरातून कोणी उपाशी जात नाही. दगडू, तू गेलास.

आज सकाळी सवयीने भोपळा किसला गेला. उरलेल्या रातकिड्यांना घातला. अकरा आहेत. कोणाकडे खाणारा प्राणी असेल तर घेऊन जावेत, नाहीतर रविवारी खरवईच्या गवतात सोडून येईन.

कमेंटमध्ये नुसतं "आरआयपी" लिहू नये. त्याला नाव होतं. पूर्ण वाक्य लिहावं.

दगडू, तुला माझा शेवटचा नमस्कार.