कॉम्प्युटरला लागलेला बर्फ

वाईच्या गणपती आळीत चिंतामण सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. मशीन तीन. चप्पल बाहेर काढून, पाय पुसून आत जायचं. खोलीत एसी होता, तो पोरांसाठी नव्हे, मशीनसाठी. सर पुण्याला सहा महिने शिकून आले होते आणि त्या सहा महिन्यांबद्दल असं बोलायचे की जणू लढाई मारून आलेत. मी पंधरा वर्षं फौजेत काढली, पण त्या तोऱ्यात कधी बोललो नाही.

१९९८ साली एका संस्थेनं बाळांच्या लसीकरणाची सीडी काढली आणि ती आदिवासी वाड्यांवर दाखवायचं ठरलं. आमच्या आरोग्य केंद्राच्या साहेबांनी चिंतामण सरांना गाठलं. सरांना आनंद झाला तो वाडीचा नाही, तिथं निघणाऱ्या फोटोचा. केंद्राची जीप मी चालवायचो, म्हणून हे सगळं मला बघावं लागलं.

वाडी कातकऱ्यांची, धोम धरणाच्या वरच्या अंगाला. दसरा झाला की मुकादमाचा ट्रक येतो आणि अख्खी वाडी सांगलीकडच्या वीटभट्ट्यांवर जाते, ती पावसाच्या तोंडावर परत. दोन वर्षांपूर्वी भट्टीवर गोवरानं चार पोरं गेली होती. आमच्या नर्स धोंडुबाई अकरा वर्षं त्या वाडीत पायी जात होत्या. पोरांना टोचल्याशिवाय ट्रकात चढायचं नाही, असं त्यांनी आयांकडून कबूल करून घेतलं होतं. ट्रक मंगळवारी येणार, म्हणून त्यांनी सोमवार धरला होता. साहेबांनी तो मंगळवार केला. आधी पडदा, मग सुई, मग फोटो. धोंडुबाईंनी मुकादमाच्या हातापाया पडून ट्रक दुपारपर्यंत थांबवायला लावला.

मंगळवारी धोंडुबाई बायकांना गोळा करायला पहाटेच पुढे गेल्या. क्लासातलं एक मशीन जीपमध्ये मागं सरांच्या शेजारी, लशीचा निळा डबा त्यांच्या पायाशी. ऊन कडक होतं. धरणापाशी सरांनी मशीनला हात लावला, ते तापलं होतं, आणि त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी डबा उघडला, आतल्या बर्फाच्या चारही पिशव्या काढल्या आणि टॉवेलात गुंडाळून मशीनच्या अंगाला बांधल्या. आजारी बाळाच्या कपाळावर पट्टी ठेवावी तशा.

मी आरशात सगळं बघत होतो. डबा उगाच उघडायचासुद्धा नाही, हे धोंडुबाईंनी मला दहा वेळा सांगितलेलं. पण मी गप्प बसलो. काय बावळट माणूस आहे, असं मनात म्हणत राहिलो, आणि खरं सांगायचं तर मला मजा येत होती.

वाडीत जनरेटर लावला. पडद्यावर गुबगुबीत बाळ, पायात बूट, आई नळाखाली हात धुतेय. वाडीत नळ नाही. म्हाताऱ्या रंगुबाईनं विचारलं की हे पोरगं कुठल्या भट्टीवर जातं. सरांनी तिला गप्प बसायला सांगितलं. दोन तास हा तमाशा चालला. डबा तेवढा वेळ उन्हात.

मग धोंडुबाईंनी डबा उघडला, आत हात घातला आणि तो तसाच ठेवला. बर्फ कुठाय म्हणून विचारल्यावर सरांनी अभिमानानं टॉवेल दाखवला. मशीन तापलं असतं तर कार्यक्रमच झाला नसता, म्हणाले. साहेब हळूच म्हणाले की टोचून टाका, कोणाला कळतंय. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता.

धोंडुबाईंनी डबा बंद केला आणि सगळ्या बायकांसमोर सांगितलं, "औषध बिघडलंय. मी ह्ये टोचनार न्हाई." मग माझ्याकडं वळल्या. "नानासो, तुमी गाडीत व्हता न्हवं?"

मी जीपच्या टायरकडं बघत राहिलो. ट्रक भरला आणि गेला. सव्वीस पोरं होती त्यात. अहवालात मात्र त्रेसष्ट आदिवासींमध्ये जागृती झाल्याचं लिहिलं गेलं, आणि सरांच्या क्लासात फोटो लागला. त्यात मीही आहे, हसतोय.

चौथ्या दिवशी वाईच्या स्टँडवर धोंडुबाई दिसल्या. रजा टाकून निघालेल्या, मांडीवर निळा डबा, नवी लस आणि नवा बर्फ घातलेला. सांगलीपर्यंत दोन एस्ट्या बदलायच्या, पुढं भट्ट्या शोधत चालायचं. मी जीप थांबवली. साहेबांना विचारत बसत नाही, म्हणालो, बसा, मी सोडतो.

"नगं," त्या म्हणाल्या. "वाटंत कुनी डबा उघडला, तर तुमी नुसतं बघत बसाल."

एस्टी आली. गर्दी होती, बसायला जागा नव्हती. दोन्ही हातांनी डबा छातीशी धरून त्या उभ्यानं गेल्या.