पुठ्ठ्याचं कातडं

कातड्याची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही म्हणाल, हा आता करकरणाऱ्या कोल्हापुरीची तारीफ करणार. न्हाय. हे आमच्याच घोड्याचं कातडं. हसायचं असलं तर आत्ताच हसून घ्या.

आमचे वडील, आबा, सोलापुरात टांगा हाकायचे. चाबूक नुसता शोभेला खोचलेला. "चल बाळा" म्हटलं की घोडा निघायचा. "आमच्या जनावराला कधी हात लावला न्हाय," हे स्टेशनावर प्रत्येक उतारूला ऐकवायचे.

मी मास्तरांच्या नकला करण्यात शाळा घालवली. आबांचा आवाज असा काढायचो, की आई आतनं "आलासा व्हय?" म्हणायची. आबा तापानं पडले तेव्हा महिनाभर टांगा मीच हाकला, त्यांच्या आवाजात. घोड्याला झापडं, मागं कोण बसलंय त्याला काय दिसतंय? एकदा चढावर तो अडला. उतारू बोंबलायला लागला. मी दोनदा "चल बाळा" म्हटलं आणि चाबूक काढून मागं पुठ्ठ्यावर तीनदा ओढला. रक्त आलं. हळद भरली, वर केस आले, मिटलं.

पुढच्या साली घोडा पोटशूळानं मेला. गल्लीतला म्हातारा कारागीर पलटणीच्या खोगीरखान्यात शिकलेला. त्यानं कातडं मागितलं. म्हणाला, "बाकी समदं हलकं. पुठ्ठ्यावरचे, म्हंजी ढुंगणावरचे, दोनच तुकडे खरे. छिद्र न्हाय, दुमडलं तरी सुरकुती न्हाय."

आबा म्हणाले, "न्या. तयार झालं की चारचौघांत दाखवा. एक वळ दिसला तर माझं नाव घिऊ नका."



सहा महिने तुकडे बाभळीच्या सालीच्या पाण्यात, मग चरबीत. शेवटी आम्हाला बोलावलं. दुकानात दोघंतिघं टांगेवाले बसलेले. म्हातारा काचेच्या गोट्यानं घासत होता. कातडं भरल्या घागरीसारखं चमकायला लागलं. आबांना त्यात आपली मिशी दिसली. आणि मग तीन फिक्या रेघा वर आल्या.

म्हाताऱ्याचा हात थांबला. "केसानं झाकलं हुतं. हितं झाकत न्हाय, पावणं."

एक टांगेवाला फिसकन हसला. आबांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "माझाच हात त्यो. राग आलता एकदा."

रस्त्यावर आल्यावर आबांनी विचारलं, "माझ्या आवाजात हाकत हुतास न्हवं?"

मी मान डोलावली.

"मारलंस ते मारलंस, भाड्या. पर माझ्या तोंडानं मारलंस! मरंस्तवर त्येला वाटलं आसंल, मीच मारलं. आता रडतोस कुनाच्या आवाजात? गप चल. पुन्हा माझा आवाज काढलास, तर जीभ हासडून हातात दीन."