उताणी गोगलगाय

बिदरच्या कॉलेजात मी नवा होतो तेव्हा जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतले एक वयस्कर शिपाई माशांच्या टाकीसाठी गोगलगाई निवडायचे. काचेवरचं शेवाळ खायला तळ्यातून ओंजळभर आणायचे, ताटलीत उताण्या ठेवायचे आणि न पेटवलेली बिडी ओठात धरून बघत बसायचे. एकदा मी एकीला बोटानं सरळ करायला गेलो.

"हात कामून लावायलाव, सर? आपली आपण सरळ झाली तरच टाकीत टिकती."

त्याच आठवड्यात माझ्या पहिल्या तासाला माझी दातखीळ बसली. पोरं हसू लागली. हजेरीपट द्यायला आलेले कारकून प्राचार्यांना बोलवायला निघाले, तसा दारात उभ्या असलेल्या त्याच शिपायांनी त्यांचा हात धरला. पुढं तीस वर्षं मी शिकवलं, ते त्या धरलेल्या हातामुळं. ते एवढंच म्हणाले होते,

"थांबा सायेब. व्हतील की सरळ."