ब्रीद-सानचं ग्रँड

ब्रीद-सानच्या एप्रनच्या खिशात कायम एक मोठी कात्री असायची. एखादीचं काम पसंत पडलं नाही की त्या ते टेबलावर पसरत, तिच्या डोळ्यांदेखत त्याचे चौकोनी तुकडे करत आणि तिच्याच हातात ठेवत. "घे. किटलीखाली ठेवायला होईल." तेवढ्याही लायकीचं नसलं तर नुसतं म्हणत, "मंगळवार." कोबेच्या आमच्या भागात जळणारा कचरा मंगळवारी उचलतात. माझ्यादेखत एक पन्नाशीची बाई हा शब्द ऐकून बाथरूममध्ये जाऊन रडून आली होती. ब्रीद-सान तोवर तिच्या जागेवरचं साबणाचं पाणी पुसून मोकळ्या झाल्या होत्या.

बाई आयर्लंडच्या; नाव ब्रीद, 'सान' हे जपान्यांचं आदराचं 'बाई'. जपानी नवऱ्यामागून इथे आल्या, नवरा वारला, त्या राहिल्या. डोंगराच्या चढावरच्या घरात तळमजल्यावर त्या फेल्ट शिकवत. फेल्ट म्हणजे लोकर कातायची नाही, विणायची नाही. तिचे पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे रचायचे, गरम पाणी आणि साबण घालून घासायचे, गुंडाळून लाटायचे, आपटायचे, की ते आटून एकजीव होतात. मराठीत याला बुरणूस म्हणतात, असं माझ्या सासूबाईंनी फोनवर सांगितलं आणि वर विचारलं, "जपानात जाऊन बुरणूस कसला शिकतेस?"

नवरा मुंबईच्या बँकेतून पोस्टिंगवर आलेला, रात्री उशिरा घरी येणारा. मुलगी ईशा मराठीत विचारलेल्याला जपानीत उत्तर देणारी. ठाण्याची माझी नोकरी सुटलेली. आपल्याला काहीतरी येतं असं आठवड्यातून एकदा तरी वाटावं, एवढ्यासाठी मी तो चढ चढत असे.

आणि तसं वाटायचंही. कारण माझ्या कामावर ब्रीद-सानची कात्री कधी चालली नाही. त्या येत, माझं फेल्ट चिमटीत धरून ओढून बघत. तंतू सुटून वर आले तर काम कच्चं. ही त्यांची एकमेव परीक्षा. "डोळे खुशामत करतात, चिमटा नाही करत," असं म्हणत. मग मान हलवून मला इंग्रजीत म्हणत, "दॅट्स ग्रँड." मी म्हणायची, "थँक यू, ब्रीद-सान."

आता आपल्याकडे ग्रँड म्हणजे काय? लग्न ग्रँड असतं, सक्सेस ग्रँड असतं. बाकीच्या पाचजणींचे तुकडे होतात आणि मी ग्रँड! नणंदेला मी फोटो पाठवत असे आणि खाली लिहीत असे, 'मॅडम ग्रँड म्हणाल्या.' तीन वर्षं लिहिलं.

आयर्लंडमध्ये फेल्ट करणाऱ्या कलाकारांचं एक मंडळ होतं. ब्रीद-सान त्याच्या जुन्या सभासद. मंडळाविषयी बोलताना त्यांचे डोळे चमकत. "आमच्यातल्या सगळ्याजणी एकमेकींच्या मेंढ्या ओळखतात आणि एकमेकींना माफ करत नाहीत." मंडळाच्या दरवर्षीच्या प्रदर्शनात कोबेहून दोन कामं जात: एक त्यांचं, एक शिष्येचं. तिसऱ्या वर्षी ते माझंच असणार, याबद्दल मला शंका नव्हती. घरी सगळ्यांना सांगूनही ठेवलं होतं.

त्यांनी आमच्या वर्गातल्या हिरोको-सानचं काम उचललं. तीन वेळा कात्रीखाली गेलेल्या हिरोको-सानचं. माझ्याच्याने राहवलं नाही. "पण माझ्या कामाला तर तुम्ही नेहमी ग्रँड म्हणालात."

ब्रीद-सान हसल्या, आणि मग मोठ्याने हसल्या. "अगं, आमच्याकडे पाय मोडलेला माणूससुद्धा 'कसा आहेस' विचारलं तर ग्रँड म्हणतो. ग्रँड म्हणजे ठीक. चालेल. तुझं कापावं इतकं वाईट नसतं आणि लक्षात राहावं इतकं चांगलं नसतं." मग सगळ्यांना जपानीत समजावून सांगितलं. बायका तोंडावर हात धरून हसल्या. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, मी काय समजते ते?"

"पहिल्या दिवसापासून. तू इतकं गोड थँक यू म्हणायचीस. मला मजा यायची."

मी शिकवणी सोडली नाही. चीड होती, दुसरं काय. पुढची दोन वर्षं मी तळहात सोलेपर्यंत घासलं. "लोकरीची कीव करू नकोस, कीव केलीस की ती सुटते," असं म्हणत ब्रीद-सान माझं मनगट धरून त्यावर स्वतःच्या अंगाचा भार टाकत. शिकवलं मात्र त्यांनी, हे कबूल करायला हवं. माझी बोटं तयार झाली. डोळे मिटून चिमटा घेतला तरी कुठला थर कमी घासलाय ते मला कळू लागलं.

मग त्या आजारी पडल्या. उपचारांनी आजार थांबला नाही, पण बोटांची संवेदना गेली. गरम-गार कळेना. त्याच हातांनी त्यांनी शेवटचं काम केलं: भावाच्या शेतावरच्या मेंढ्यांची करडी लोकर, दाराएवढं मोठं फेल्ट. चार महिने लागले. मंडळाला पाठवायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी मला एकटीला बोलावलं.

"मला चिमटा कळत नाही," त्या म्हणाल्या. "हिरोकोला विचारलं तर ती सुगोई, फारच छान, म्हणेल. कचऱ्यालाही त्या सगळ्या सुगोई म्हणतील. तू माझ्यावर रागावलेली आहेस, म्हणून तू खरं सांगशील. कसंय?"

मी कडेपासून मध्यापर्यंत चिमटे घेत गेले. इतकं पातळ, की मागचा उजेड दिसावा; आणि एक तंतू हलेना. त्याच्याइतकं सुंदर फेल्ट मी ना आधी हाताळलं होतं, ना नंतर.

मी म्हणाले, "ग्रँड."

त्यांनी विचारलं, "तुझं ग्रँड की माझं?"

"तुमचं," मी म्हणाले.

"मंडळाला मी नुसतं ठीक पाठवणार नाही," असं म्हणून त्यांनी खिशातून कात्री काढली. मी एक शब्द बोलले असते तर पुरला असता, आणि तो बोलायला मला पुष्कळ वेळ होता, कारण फेल्ट कापलं जात नव्हतं. कच्च्या फेल्टमधून कात्री सहज जाते. याच्यात ती अडकत होती. त्यांनी दोन्ही हात लावले, धाप लागली. "हात गेले माझे," त्या म्हणाल्या. हात नव्हते गेले. मी समोर बसून चौकोन मोजत होते. चोवीस झाले. एक त्यांनी माझ्या हातात ठेवला. "किटलीखाली ठेव. खरं बोललीस, बरं केलंस."

दोन महिन्यांनी त्या गेल्या. मंडळाने त्यांचं शेवटचं काम स्मृतिप्रदर्शनासाठी मागितलं, तेव्हा ब्रीद-साननी किटलीखाली ठेवायला बाकीच्याजणींना वाटलेले तेवीस चौकोन हिरोको-सानने घरोघर फिरून गोळा केले आणि जोडले. माझ्या दारातही त्या आल्या होत्या. माझा मंगळवारी गेला, असं मी वाकून, माफी मागून सांगितलं. मध्ये एक चौकोन मोकळा ठेवून त्यांनी ते आयर्लंडला पाठवलं.

माझा चौकोन ओट्यावर असतो. ईशा त्यावर किटली ठेवते. किटली उचलली की मी त्याला चिमटा घेऊन बघते. अजून एकही तंतू सुटलेला नाही.