उलटा धरलेला माणूस

एका पैलवानाला मी छत्रीने बडवलंय. तेव्हा जेमतेम साठीची होते, अक्कल यायची होती. सावंतवाडीतल्या कुस्तीच्या खेळात मुखवटेवाल्या राक्षसाने रिंगणाच्या दोरांजवळच त्याच्याशी लढणाऱ्या जोडीदाराला उलटा उचलला. कुस्ती ठरवून खेळतात हे या शहाणीला कुठे ठाऊक! मी त्याच्या पाठीत छत्री हाणली. तो डगमगला आणि जोडीदार डोक्यावर आपटला.

मी धावत पडद्यामागे गेले, तर मुखवटा काढून राक्षस गुडघ्यांवर बसला होता. जोडीदाराची मान तळव्यांत धरून पुटपुटत होता, "बोटां हलय रे, बाबू." बोटं हलेनात. कितीतरी वेळाने अंगठा हलला, मग बोटं.

तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे पाहिलं.

"काकी, माका खुशाल मारा. पण तेका खाली ठेवल्यावर मारा."