वैमानिकाचं पाणी

गोदीच्या देव्हाऱ्यात चार देव आणि पाचवा एक पत्रा. तळहाताएवढा, कडेला करपलेला. इंग्रजांच्या लढाईच्या काळात उंबरमाळीच्या वरच्या रानात एक बॉम्बफेकी विमान कोसळलं, त्याचा तो तुकडा. गोदीचा सासरा सावळ्या तेव्हा तिथे लाकडं तोडत होता. विमान चालवणारा गोरा साहेब झाडाखाली पडलेला, अजून धुगधुगी होती. त्याने तोंडाकडे बोट नेलं. सावळ्या ओढ्यावर धावला, पानाच्या द्रोणात पाणी घेऊन आला, तोवर साहेब गेला होता.

सरकारी माणसं आली, प्रेत घेऊन गेली. सावळ्याने तो पत्रा उचलून देवांत ठेवला. आमच्या रानात तान्हेला मेला म्हणजे आमचाच झाला, एवढंच त्याचं म्हणणं. दर सर्वपित्रीला घरच्या पितरांआधी पत्र्यावर पाणी घालायचं, मग पानावर भात. सासऱ्यामागे गोदीने ते चालवलं. साठी उलटली, सगळा जन्म दुसऱ्याच्या शेतावर राबण्यात गेला. वीटभट्टीवर गेली तरी पत्रा गाठोड्यात असायचा. एक वर्ष चुकलं नाही.

आणि ऐंशी वर्षांनी शहापुरातल्या स्मारक समितीला जाग आली. समितीचा शेखर गाडी घेऊन पाड्यावर हजर.

"आजी, उद्घाटनापुरता द्या. दुसऱ्या दिवशी घरपोच आणून देतो."

देव्हाऱ्यातली वस्तू मागायला आलेला माणूस, पायातले बूट तरी काढावेत. तेही नाही. गोदीने तरी विश्वास टाकला. तो माघातला दिवस, आता भादवा सरत आला. मध्ये ती तीन खेपा घालून आली. तिसऱ्या खेपेला शेखर म्हणाला, "आजी, ती आता समाजाची वस्तू झाली." म्हणजे गोदी कोण, समाजाबाहेरची? इतकी वर्षं हा समाज कुठल्या बिळात बसला होता, ते कुणी सांगावं.

सर्वपित्रीच्या सकाळी पाण्याचा तांब्या आणि भात घेऊन गोदी नातीबरोबर, समीक्षाबरोबर, हायवेलगतच्या स्मारकावर गेली. काचेच्या कुलूपबंद पेटीत पत्रा, मागे संगमरवरी पाटी.

"वाच गो, काय लिवलंय?"

समीक्षाने अकरा नावं वाचली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, देणगीदार, शेखरसुद्धा.

"आणि तो?"

"खाली बारीक अक्षरात हाय. अज्ञात वैमानिक."

"आणि तुझा पणजोबा?"

"नाय गो आजी."

समीक्षाने फोन करून शेखरला बोलावलं. तो आला तो कपाळाला आठ्या घालूनच. "चावी अध्यक्षांकडे आहे, ते मुंबईला गेलेत. आणि भात इथे ठेवू नका, दगडाला डाग पडतात. पंधरा ऑगस्टला या ना, आम्ही हार घालतो."

गोदीचं डोकं फिरलं. "नाव तुमाला ठाव नाय, तसं आमालाबी नव्हतं. पण पाणी तर देत होतो. तुमी काय देता त्याला? फोटो?"

शेखर मोबाईल काढून कुणाला तरी फोन लावत बाजूला गेला.

गोदीने तांब्या उचलला आणि पेटीवर पाणी ओतलं. ते काचेवरून ओघळलं, संगमरवरावर पसरलं, पार रस्त्यापर्यंत गेलं. आतला पत्रा कोरडाच राहिला.

ती रिकामा तांब्या धरून बघत उभी राहिली.

"सासऱ्याला काय सांगू गो?" ती समीक्षाला म्हणाली. "आजपण पाणी पोचलं नाय."